अंगावर पित्त उठते, मलम लावू का?

सध्या मी बहरीनला, मनामातील नईम भागात, मुलाकडे आहे. इथला उन्हाळा दमट. घाम आला की अंगावर पित्त उठते, असे शेजारच्या मराठी भगिनी सांगतात, आणि बहुतेकींच्या कपाटात स्टिरॉइडच्या मलमाची ट्यूब असते. म्हणून हा विषय.

आपण ‘पित्त’ म्हणतो, पण पोटातल्या आम्लपित्ताशी याचा संबंध नाही. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, गांधी उठतात, खाज सुटते. एक गांध बहुधा २४ तासांत मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. हे ६ आठवड्यांहून जास्त चालले, तर ते जुनाट पित्त. त्याचे कारण सहसा खाण्यात नसते. तेव्हा मासळी, वांगी सगळे सोडून अशक्त होऊ नका.

मलम का नको? आज दंडावर लावले, तर उद्या पाठीवर उठते. मुळात गांध आपोआप जाते आणि श्रेय मलमाला मिळते. स्टिरॉइड रोज चोळले की त्वचा पातळ होते. आपल्या वयात ती आधीच पातळ. मग जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात, साल निघते. शिवाय पित्त समजून नायट्यावर लावले, तर खाज थांबते पण नायटा पसरतो. खाजेला कॅलामाइन, सुती कपडे आणि गार पाण्याची पट्टी बरी. मात्र गारव्यानेच पित्त उठत असेल, तर पट्टी नको. आमसुलाच्या पाण्याने थंडावा मिळतो, रोग जात नाही.

खरा उपाय पोटातून घ्यायच्या गोळीचा. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन अशी गोळी उठल्यावर नव्हे, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यायची. गुण आला नाही तर मात्रा डॉक्टरच वाढवतात. त्यापुढे इंजेक्शनही आहे. मूत्रपिंड अशक्त असेल तर आधी सांगा. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या टाळा: रात्री उठताना तोल जातो, प्रोस्टेट असलेल्या पुरुषांची लघवी अडते. दिवसातून एकदाच गोळी असेल, तर किप्पुरच्या उपवासाला ती संध्याकाळी उपवास धरण्याआधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

अंगदुखीच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पित्त वाढू शकते. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी ओठ-जीभ सुजू शकते. तुमच्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवा. पण हृदयाची अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका.

गांध २४ तासांनंतरही राहिली, दुखली किंवा डाग ठेवून गेली, तर तपासणी हवी. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर वाट पाहू नका. भारतात ११२, इस्रायलमध्ये १०१, बहरीनमध्ये ९९९ फिरवा. हे आकडे आजच मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा.