मावळचा पाऊस, दौंडची पाळी

जुलैत भाज्याच्या लेण्यांपाशी उभं राहिलं की चैत्याच्या शेजारच्या कड्यावरून पाणी नुसतं ओतत असतं आणि कातळातल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, काठोकाठ भरलेल्या असतात. ज्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी त्या कोरल्या, त्यांना मावळचा पाऊस ठाऊक होता. चार महिने धो धो, पुढे ठणठणाट. पूर्वेला दौंड-पाटसकडे तर चार महिन्यांचाही भरवसा नाही.

कर्नल फाईफ या इंग्रज लष्करी इंजिनिअरने या दोन टोकांची सांगड घातली. भाज्याच्या आग्नेयेला मुठेवर, खडकवासल्याला, १८६९ साली दगड-चुन्याच्या भिंतीचं काम सुरू झालं. दहाएक वर्षांनी तलाव भरला. नाव पडलं फाईफ तलाव. उजवा कालवा पाटसपर्यंत नेला, सुमारे ११२ किलोमीटर.

पाणी आलं, पण शेतकरी लगेच धावले नाहीत. पावसानं दगा दिला तर पाट हवा. एरवी बाजरीला पैसे मोजून पाणी कोण घेणार? या धरणाला माल पुरवणाऱ्यांत जोतीराव फुले होते. कंत्राटदार म्हणून भिंत जवळून पाहिलेल्या या माणसाने १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्याची हजेरी घेतली आणि शेतकऱ्याच्या रानात तोटीने मोजून पाणी द्या, असं सुचवलं. मला हे त्या भिंतीपेक्षाही थोर वाटतं. मीटर लावायची चर्चा आपण अजून करतोच आहोत.

भिंत न वाढवता पाणी जास्त साठवायची युक्ती इंजिनिअर विश्वेश्वरय्यांची. १९०३मध्ये त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे उघडायचे, उतरलं की मिटायचे. माणसाला रात्री पावसात धावावं लागत नसे.

१२ जुलै १९६१ला मात्र कुठलीच युक्ती उरली नाही. वरचं पानशेत धरण फुटलं, लोंढा खडकवासल्यावर आला, जुनी भिंत खचली आणि पुणं बुडालं. पूर ओसरल्यावर शहराच्या नळाला पाणी नव्हतं. धरण पुन्हा बांधावं लागलं.

आज टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या साखळीत मूळचं धरणच सगळ्यांत लहान. एकूण साठा २९ टीएमसीच्या आसपास, त्यात त्याचा वाटा जेमतेम दोन. तरी वरच्या तिन्ही धरणांचं पाणी त्याच्याच दारातून जातं. पुणेकर पावसाळ्यात सकाळी पेपरात आधी या साठ्याचाच आकडा बघतो.

कालवा आता इंदापूरपर्यंत जातो, पण आधी शहर ओलांडतो. पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीजवळ, सप्टेंबर २०१८मध्ये तो फुटला आणि दांडेकर पुलाकडच्या घरांत पाणी घुसलं. खाली दौंडला तेव्हाही पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज भरून लोक आवर्तनाची वाट बघत होते. पाट सुटला की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, माणसाची पाळी शेवटी. कधी मध्यरात्री येते. बॅटरी घेऊन तो बांधावर बसतो, मोरीकडे कान लावून.