छताआधीचे कागद

लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समध्ये सर जॉन सोन या वास्तुकाराचं घर आहे. १८३७ मध्ये तो वारला, आणि संसदेच्या कायद्याने घर त्याने ठेवलं तसंच राखायचं ठरलं. लोक तिथे पुतळे बघायला येतात, इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी बघायला येतात. माझ्या लेखी तिथलं खरं धन बाडांत आहे: रॉबर्ट आणि जेम्स ॲडम या वास्तुकार भावांच्या कचेरीतली सुमारे ८,००० रेखाटनं.

रॉबर्ट ॲडम नुसती इमारत रेखून थांबत नसे. छत, शेकोटीची चौकट, आरसे, गालिचा, अगदी दाराची मूठसुद्धा त्याच्या कचेरीत आधी कागदावर उतरायची. खोली दाखवायची एक पद्धत तर फार सुंदर: मधे जमिनीचा आराखडा, आणि खोक्याच्या बाजू उघडून पसराव्यात तशा चारही भिंती भोवती. घरमालकाने त्या मनातल्या मनात उभ्या करायच्या.

छतांच्या रेखाटनांवर नजर ठरत नाही. फिकट गुलाबी, हिरवा, निळा. त्यावर पांढरी वेलबुट्टी. हे रंग भरणारे हात बहुतेक वेळा ॲडमचे नसत. ज्युसेप्पे मानोक्कीसारखे इटालियन चित्रकार कचेरीत बसून ते काम करत. कागद मंजूर झाला की जोसेफ रोझसारखा कारागीर तीच वेलबुट्टी गिलाव्यात उठवायचा. ॲडमनेच सजवलेल्या ऑस्टर्ली पार्क या वाड्याच्या दिवाणखान्यात छताच्या नक्षीला साद घालणारा गालिचा खाली अंथरलेला आहे. तो मूरफील्ड्सच्या टॉमस मूरने विणला. गिलावा आणि लोकर, दोन्हींचं मूळ एकाच कचेरीत.

रॉबर्ट १७९२ मध्ये गेला, जेम्स १७९४ मध्ये. कुटुंब कर्जात होतं. १८१८ आणि १८२१ मध्ये त्यांच्याकडच्या वस्तूंचे लिलाव झाले, रेखाटनं मात्र मागे राहिली. शेवटी १८३३ मध्ये सोनने ती २०० पौंडांना घेतली. एका कागदाला जेमतेम सहा पेन्स पडले! स्वतः वास्तुकार असलेल्या माणसाने ती घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण ॲडमच्या सगळ्या खोल्या उरल्या नाहीत. लंडनच्या नॉर्थम्बरलंड हाउस या वाड्यात रॉबर्टने १७७० च्या दशकात काचेचा दिवाणखाना सजवला होता. भिंतींना काचा, काचांच्या मागून लाल रंग, त्या रंगात धातूची चमकती कणी. मेणबत्त्या लागल्यावर भिंती कशा पेटून उठत असतील! १८७४ मध्ये रस्ता काढण्यासाठी तो वाडा पाडला. काही काचा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या भिंतीवर कशा बसायच्या, ते दाखवणारा रंगीत कागद सोनच्या घरी आहे.