अंक काळाचा, अक्षर स्वराचं
स्वरलेखन आणि संगणक : लेखांक ९

गेल्या आठवड्यात एकेरी चाल संगणकावर कशी उतरवायची ते पाहिलं. आता त्या चालीला दोन जोड द्यायच्या आहेत. एक गाण्याच्या शब्दांची, दुसरी बेसच्या ओळीवरच्या आकड्यांची, म्हणजे फिगर्ड बेसची. छापील पानावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. पाच रेषांच्या वर किंवा खाली, बारीक टायपात, एकेका स्वराच्या सरळ रेषेत. या सारखेपणामुळे एक सवय फार पसरली आहे. आकडे लिहिण्याची वेगळी सोय शोधत न बसता ते शब्दांच्या चौकटीतच टाइप करायचे, ६ च्या खाली ४ हवा असेल तर तो दुसऱ्या कडव्याच्या जागी ठेवायचा. ही सवय मोडायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला एक असले तरी शब्द स्वराला बांधलेला असतो आणि आकडा काळाला.

फिगर्ड बेस ही इ. स. १६०० च्या सुमारास इटलीत रूढ झालेली एक लघुलिपी आहे. ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यापुढे बेसची एकच ओळ असते आणि तिच्यावरचे आकडे बेसपासून कितवा स्वर घ्यायचा ते सांगतात. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा गृहीत. ६ असेल तर पाचव्याच्या जागी सहावा. शार्प, फ्लॅट किंवा नॅचरलची खूण एकटीच असेल तर ती तिसऱ्या स्वराला लागू. बाकीची भर वादक वाजवता वाजवता घालतो. शब्द आणि आकडे एकाच पानावर पाहायचे तर १७३६ साली लाइपझिगमध्ये निघालेलं शेमेलीचं भजनपुस्तक घ्यावं. त्यात ९५४ गीतं आहेत आणि त्यांपैकी ६९ गीतांना चाल व आकड्यांसह बेस दिलेला आहे. त्या कामात योहान सेबास्टियन बाखचा हात होता. ‘कोम, झ्यूसर टोड’ हे सी मायनरमधलं गीत त्यातलंच. वर गायकाची ओळ, खाली बेसची, एवढाच संसार. असं पान आज संगणकावर उतरवणाऱ्याला शब्द आणि आकडे ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करावी लागतात, आणि घोटाळाही तिथेच होतो.

सी मायनरमधली अगदी नेहमीची एक जागा जवळून पाहू. बेसमध्ये जी हा स्वर दोन मात्रा टिकतो. आधीच्या कॉर्डमधला सी गायकाने धरून ठेवलेला असतो. तो जी-पासून चौथा, म्हणून पहिल्या मात्रेवर ४ लिहायचा. दुसऱ्या मात्रेवर गायक बी नॅचरलवर उतरतो, म्हणून तिथे फक्त नॅचरलची खूण. बेसचा स्वर एकच आहे, तो एकदाच वाजतो, पण त्याच्यावर दोन खुणा आहेत आणि त्यांच्यात एका मात्रेचं अंतर आहे. शब्दांच्या चौकटीला ही दुसरी मात्रा दिसतच नाही. तिच्या लेखी स्वर एक, म्हणून अक्षर एक. मग लोक दोन्ही खुणा मध्ये मोकळी जागा सोडून एकाच अक्षरासारख्या कोंबतात, किंवा दोन मात्रांचा स्वर तोडून एकेक मात्रेचे दोन स्वर करतात आणि त्यांना टायने जोडतात. लिलीपाँड या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दुसरी युक्ती हमखास फसते, कारण टायने जोडलेल्या स्वरावर नवं अक्षर येत नाही हे त्याचं शब्दांसाठीचं गृहीतक आहे. नॅचरलची खूण पुढच्या स्वरावर जाऊन बसते आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा एक घर सरकतो. यात लिलीपाँडचं काही चुकत नाही. शब्दांसाठी तो नियम अगदी योग्य आहे, कारण गायक टायवर नवं अक्षर म्हणत नाही.

उलट आकड्यांच्या चौकटीत प्रत्येक आकड्याला स्वतःचं कालमान देता येतं. लिलीपाँडमध्ये तर कोनी कंसात आकडा लिहून लगेच पुढे त्याची लांबी लिहितात, जशी स्वराची लिहितात. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात संगीत नेण्यासाठी जे म्युझिकएक्सएमएल वापरतात, त्याची मांडणीही हेच सांगते. तिथे गाण्याचं अक्षर स्वराच्या पोटात नोंदलेलं असतं. फिगर्ड बेसची नोंद मात्र स्वराच्या बाहेर, त्याच्या शेजारी असते आणि तिला स्वतःचं कालमान देण्याची सोय असते. म्युझस्कोर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींकडे अंडरस्कोरची कळ चालते, पण अर्थ निराळा होतो. शब्दात ती दाबली की एकच अक्षर पुढच्या स्वरांवर लांबतं, आकड्यात दाबली की हातातली कॉर्ड तशीच धरून ठेवायची.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये, कारण भातखंडे पद्धतीत तो पानावर उघड मांडलेला असतो. स्वरांची ओळ वर, शब्दांची तिच्याखाली आणि तालाच्या खुणा त्याहून वेगळ्या. स्वर लांबला तर स्वरांच्या ओळीत आडवी रेघ येते. अक्षर लांबलं तर शब्दांच्या ओळीत अवग्रह येतो. तीनतालाच्या × २ ० ३ या खुणा पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेखाली येतात, मग त्या मात्रेवर स्वर असो, अक्षर असो की नुसती रेघ असो. खालीची खूण रेघेखाली आली म्हणून कोणी ती पुढच्या अक्षराखाली ढकलत नाही. फिगर्ड बेसच्या आकड्याला हीच वागणूक हवी.

शब्दांच्या बाजूने पाहिलं तरी हेच दिसतं. मराठी गाणं स्टाफ नोटेशनमध्ये लिहिताना ‘भक्ती’ हा शब्द दोन स्वरांवर तोडायचा झाला, तर कानाला ‘भक्-ती’ ऐकू येतं, पण आपली लिपी ‘भ-क्ती’ असा तोड मागते. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण गायक दीर्घ स्वर ‘भ’च्या अकारावरच धरणार आणि ‘क्’ पुढच्या स्वराच्या तोंडाशी उच्चारणार. ‘मन’मधला ‘न’ बोलताना हलन्त होतो, गाताना त्याला पूर्ण स्वर मिळू शकतो आणि मग त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागते. हे सगळे प्रश्न उच्चाराचे आहेत. आकड्याला उच्चारच नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो छापील पानाचा. वादक पान वाचतो, फाइल नाही. जागच्या जागी ४ आणि नॅचरल दिसले की काम झालं. पान एकदाच छापायचं असेल तर हे म्हणणं मला मान्य आहे. पण संगणकावर संगीत लिहिलं जातं ते बदलण्यासाठी. वरचीच जागा खालच्या पट्टीच्या गायकासाठी ए मायनरमध्ये न्यायची आहे असं धरा. बेस ई झाला, चौथा ए झाला, ४ तसाच राहिला. पण आता तिसरा स्वर जी शार्प हवा, म्हणजे नॅचरलच्या जागी शार्पची खूण यायला हवी. ती खूण शब्द म्हणून टाइप केली असेल तर सॉफ्टवेअर तिला हात लावणार नाही, आणि लावूही नये, कारण पट्टी बदलली म्हणून गाण्याचे शब्द बदलत नसतात. वादकाच्या हाती मात्र चुकीची खूण पडते. आकडा म्हणून साठवलेली खूण प्रत्येक सॉफ्टवेअर आपोआप सुधारेल असं नाही, पण निदान सगळ्या खुणा एका झटक्यात निवडून तपासता येतात, शब्दांना धक्का न लावता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. फिगर्ड बेस हीच मुळी मोकळीक देणारी लिपी, वादक स्वतःच्या जाणिवेने भरणार, मग एका मात्रेचा एवढा आग्रह कशाला? पण ती मोकळीक स्वर कुठल्या सप्तकात घ्यायचे, कॉर्ड भरगच्च घ्यायची की विरळ, एकदम वाजवायची की उलगडून, याबद्दलची आहे. चौथा कधी उतरतो ते गायकाच्या ओळीने आधीच ठरवलेलं असतं. आकडे सरकले आणि वादकाने बी नॅचरल एक मात्रा आधी घेतला, तर गायकाच्या सीवर तो आदळतो आणि ज्या ताणासाठी ती जागा रचली तो ताण जन्मण्याआधीच विरतो.

आकडे शब्दांच्या जागी बसलेली जुनी फाइल हाती आली, तर पहिल्या मापापासून क्रमाने तपासण्याची गरज नाही. बेसमधले दोन किंवा अधिक मात्रांचे स्वर आधी शोधावेत आणि टायने जोडलेले त्यानंतर. प्रत्येक ठिकाणी वरच्या ओळीत स्वर कुठे बदलतो ते पाहून आकडा त्या मात्रेवर पुन्हा लिहावा. आकड्यांचं पहिलं आणि दुसरं कडवं सगळ्यात शेवटी पुसावं, कारण मूळ प्रतीत कोणत्या खुणा होत्या याचा तोपर्यंतचा पुरावा तेवढाच असतो.