माहितीची राखण – भाग ५ : पैसे घेऊनही न पुसलेली खाती

गेल्या आठवड्यात संकेतस्थळं आपला पासवर्ड कसा साठवतात ते पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न : ‘माझं खातं काढून टाका’ असं आपण सांगतो, तेव्हा नेमकं काय निघून जातं?

२०१५ साली या प्रश्नाचं विदारक उत्तर जगासमोर आलं. ‘ॲशली मॅडिसन’ हे विवाहबाह्य संबंध जुळवणारं डेटिंग संकेतस्थळ कॅनडातल्या टोरांटोची एक कंपनी चालवत होती. ‘इम्पॅक्ट टीम’ असं नाव घेतलेल्या हल्लेखोरांनी जुलैमध्ये ते बंद करण्याची मागणी केली. कंपनी बधली नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांनी सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती चव्हाट्यावर आणली.

हल्लेखोरांनी बोट ठेवलं होतं ते ‘फुल डिलीट’ या सेवेवर. १९ डॉलर भरा, तुमचं खातं पूर्ण पुसू, असं आश्वासन होतं. पैसे भरल्यावर प्रोफाइल इतरांना दिसेनासं व्हायचं, पण कंपनीकडची माहिती बारा महिन्यांपर्यंत शिल्लक राहायची. ग्राहकाने कार्डाचा व्यवहार नाकारून पैसे परत मागितले तर हाताशी पुरावा असावा, हे कंपनीचं कारण. पैसे न भरता खातं नुसतं बंद करणाऱ्यांची माहिती तर बेमुदत ठेवली जायची. शिवाय फुटलेल्या माहितीत पैसे भरल्याच्या नोंदीही होत्या : नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक. मागे फिरू पाहणारी माणसंही अशी त्या यादीत अडकली.

संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर सुरक्षेसाठी मिळालेल्या पुरस्काराचं एक मानचिन्ह झळकत होतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी मिळून चौकशी केली. असा पुरस्कार कोणी दिलेलाच नव्हता, ते चिन्ह कंपनीनेच तयार केलं होतं, हे २०१६ च्या अहवालातून उघड झालं. नोंदणी करताना ईमेल पडताळला जात नव्हता, हेही त्यात आलं. म्हणजे कोणीही दुसऱ्याचा पत्ता टाकू शकत होता. तरीही यादीतल्या लोकांना धमकीचे ईमेल गेले : बिटकॉइन द्या, नाहीतर घरी कळवू.

‘त्यांची चूक, त्यांनी भोगावी’ असं म्हणणं सोपं आहे. पण खासगीपणा ही सद्वर्तनाची बक्षिसी नव्हे. तो सर्वांचा हक्क आहे. नातं बिघडलं असेल तर त्याचा हिशेब त्या घरात व्हावा, साऱ्या जगासमोर नव्हे.

आपल्याकडच्या विवाहसंस्थळांवर तर जन्मवेळ, पगार, नातेवाईक, फोन नंबर असं सगळंच असतं. लग्न ठरतं आणि प्रोफाइल तसंच पडून राहतं. म्हणून खातं बंद करण्याआधी फोटो आणि तपशील स्वतः काढा. मग माहिती पुसण्याची लेखी मागणी करा आणि उत्तर जपून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा हक्क मान्य केला आहे. कुलूप कितीही भक्कम असलं तरी तुटू शकतं. जी माहिती ठेवलीच नाही, तीच चोरीला जात नाही. कंपन्यांकडे आपण आग्रह धरायचा तो याचा.

पुढच्या भागात : ॲप आपलं ठिकाण कोणाकोणाला सांगतं?