तोतया घड्याळ

२९ फेब्रुवारी २०१२. जागतिक प्रमाणवेळेनुसार हा दिवस उजाडला आणि मायक्रोसॉफ्टची अझ्युर ही क्लाउड सेवा कोलमडू लागली. मागाहून जे कारण निघालं ते ऐकून शाळकरी मुलालाही हसू यावं. आतला एक प्रोग्राम वर्षभराच्या मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र बनवायचा आणि मुदत काढायला चालू सालात सरळ एक मिळवायचा. त्या हिशोबाने प्रमाणपत्र २९ फेब्रुवारी २०१३ ला संपणार होतं. असा दिवस कॅलेंडरात नाही.

चूक क्षुल्लक, पण ती आधी पकडायची कशी? चार वर्षांतून एकदा ती डोकं वर काढते. बाकीच्या दिवशी हाच प्रोग्राम हजार वेळा चालवा, बिनचूक चालेल. पुढची खरी संधी २९ फेब्रुवारी २०२८, मंगळवार. तोवर थांबायचं नसेल तर प्रोग्रामला आजच पटवून द्यावं लागेल की तो मंगळवार उजाडला आहे. त्यासाठी खऱ्या घड्याळाच्या जागी तोतया घड्याळ बसवायचं. टेस्टिंगवाले याला मॉक करणं म्हणतात, आणि चालत्या प्रोग्रामात ही अदलाबदल करण्याला पॅच मारणं. गंमत अशी, की हा तोतया किती खोलवर घुसवता येतो याला जवळपास मर्यादाच नाही.

सगळ्यात वरच्या थरावर काहीच साधन लागत नाही. मुदत काढणाऱ्या फंक्शनने स्वतः घड्याळाकडे बघूच नये. आजची तारीख त्याला बाहेरून द्यावी. मग टेस्टमध्ये हवी ती तारीख दिली की झालं.

पण आधीच लिहिलेला कोड इतका शहाणा क्वचितच असतो. तो मध्येच कुठेतरी घड्याळ बघून मोकळा होतो. इथे पायथनसारखी भाषा मदतीला येते. पायथनमध्ये फंक्शनचं नाव म्हणजे मॉड्यूलच्या यादीतली एक नोंद. प्रोग्राम चालू असतानाच ती नोंद दुसऱ्या फंक्शनकडे वळवता येते. मात्र नोंद नेमकी कुणाच्या यादीतली बदलायची, इथे भलेभले अडखळतात. समजा, तुमच्या फोनमधल्या डॉक्टरांचा नंबर मित्राने मागेच उतरवून घेतला. आता तुम्ही तुमच्या फोनमध्ये तो बदललात, तरी मित्राचा फोन जुन्याच डॉक्टरांकडे लागणार. एका मॉड्यूलने दुसऱ्याकडून फंक्शन थेट नावानिशी आयात केलं की असंच होतं. म्हणून नियम असा: फंक्शन जिथे जन्मलं तिथे नाही, तर जिथून त्याला हाक मारली जाते तिथे पॅच मारायचा.

त्यासाठी पायथनमध्ये दोन साधनं जास्त दिसतात. पायटेस्ट या टेस्टिंगच्या साधनातलं मंकीपॅच साधं आहे: सांगितलेली वस्तू जागेवर ठेवतं आणि टेस्ट संपली की मूळ वस्तू परत बसवतं. मायकेल फूर्ड यांचं मॉक २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर मूळ भाषेच्या संचातच आलं. ते बदली वस्तू पुरवतंच, शिवाय तिला किती वेळा बोलावलं, काय काय दिलं याची टिपणंही ठेवतं. नुसतं उत्तर बदलायचं असेल तर पहिलं पुरतं. कुणी कुणाला काय सांगितलं हे तपासायचं असेल तर दुसरं.

आणि तरीही आपलं घड्याळ हट्टी निघतं! पायथनचा तारीख-वेळेचा क्लास सी भाषेत घडवलेला आहे, आणि त्यातलं ‘आत्ता’ सांगणारं फंक्शन बदलायला पायथन साफ नकार देतं. यातून वाट काढणारी दोन साधनं आहेत आणि दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. फ्रीझगन लोड झालेलं प्रत्येक मॉड्यूल धुंडाळतं आणि जिथे जिथे तो क्लास सापडेल तिथे तोतया ठेवतं; प्रोजेक्ट अवाढव्य असेल तर ही शोधाशोध वेळ खाते. टाइम-मशीन थेट सी च्या थरावर उतरून मूळ फंक्शनचा पत्ताच वळवतं, त्यामुळे दारोदार फिरावं लागत नाही.

जावामधलं मॉकिटो वेगळीच जादू करायचं. तुमच्या क्लासचा एक वारस ते प्रोग्राम चालू असताना तयार करायचं. म्हणजे कुणीही न लिहिलेला क्लास मेमरीत जन्माला यायचा! पण ‘फायनल’ क्लासला वारस चालत नाही. तिथे मेमरीतल्या मूळ क्लासचा बाइटकोडच बदलावा लागतो. २०२३ च्या मॉकिटो ५ पासून हाच मार्ग मुख्य झाला.

आणखी खाली, सी मध्ये, प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला सांगता येतं की अमुक फंक्शनला मारलेली हाक माझ्या फंक्शनकडे पाठव. लिनक्सवर तर मूळ कोड हाताशी नसला तरी बहुतेकदा चालतं. एलडी-प्रीलोड या सोयीने आपली लायब्ररी आधी लोड करायची; नाव शोधताना तीच आधी सापडते. लिबफेकटाइम हे साधन असंच अख्ख्या प्रोग्रामला खोट्या काळात नेऊन सोडतं.

तळाशी उरतात फक्त प्रोसेसरच्या सूचना. ३२-बिट विंडोजमधल्या अनेक फंक्शनांची सुरुवात एका अजब सूचनेने होते: एका रजिस्टरमधला आकडा त्याच रजिस्टरमध्ये ठेव. दोन बाइट, काम शून्य. त्याच्या आधी पाच बाइट मोकळे सोडलेले. ही उधळपट्टी मुद्दाम केलेली आहे. त्या दोन बाइटांत मागे उडी मारायची सूचना मावते, आणि मागच्या पाचांत हव्या त्या पत्त्यावर जाणारी लांब उडी. म्हणजे चालत्या फंक्शनला वळसा घालायची जागा ते घडवतानाच राखून ठेवलेली! मायक्रोसॉफ्टच्या गेलन हंट आणि डग ब्रुबाकर यांनी १९९९ मध्ये मांडलेलं डिटूर्स तर अशा राखीव जागेवाचूनही हे करतं. फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचना उचलून बाजूला जपून ठेवतं आणि त्यांच्या जागी उडी लिहितं.

तोतया बसला, पण तो फार आज्ञाधारक निघाला तर पंचाईत. पायथनचं साधं मॉक विचाराल त्या नावाला होकार देतं. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत तपासणीच्या सूचनेचं स्पेलिंग चुकलं तर काहीच तपासलं जात नसे आणि टेस्ट मात्र हिरवी दिसे. पायथन ३.५ मध्ये ‘असर्ट’ने सुरू होणारी अनोळखी नावं अडवली गेली. सोबत त्या शब्दाचं घाईत उमटणारं एक चुकीचं स्पेलिंगही अडवलं. मॉकमधलीच ऑटोस्पेक ही सोय त्याहून कडक: मूळ फंक्शन जी हाक नाकारेल ती तोतयानेही नाकारायची. पण त्यालाही फक्त मूळ फंक्शनचं रूप कळतं, स्वभाव नाही. बाहेरच्या सेवेने उद्या उत्तराची तऱ्हा बदलली तरी तोतया कालचंच उत्तर देत राहणार. म्हणून जाणते लोक परक्याची वस्तू थेट मॉक करत नाहीत. तिच्याभोवती स्वतःचा पातळ थर घालतात, तो थर मॉक करतात आणि थोड्या टेस्ट खऱ्या सेवेवरही चालवतात.

मग साधन निवडायचं कसं? काम भागेल अशा सगळ्यात वरच्या थरावर थांबायचं. खाली जावं तसं सामर्थ्य वाढतं, पण टेस्ट भाषेच्या आवृत्तीला, कंपायलरला, प्रोसेसरला बांधली जाते. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० मध्ये मॉक ऑब्जेक्टची कल्पना मांडली तेव्हाच सांगितलं होतं की याने मूळ कोडही सुधारतो. एका फंक्शनच्या टेस्टसाठी सहा ठिकाणी पॅच मारावे लागत असतील, तर ते फंक्शन बाहेरच्या जगाला सहा ठिकाणी चिकटलेलं आहे. अशा वेळी सातवा पॅच मारण्याआधी फंक्शनच उघडून बघावं.