🔧 इंजिनचं काम झाल्यावर गाडी सुरू होईना? आधी टायमिंग बघा

हेडचं काम करून आणलेली गाडी स्टार्ट होत नाही, नाहीतर थरथरते, ओढत नाही? टायमिंग बेल्ट एखादा दात चुकून बसला असेल.

❌ माजलगावला माल न्यायची घाई असली तरी सारखा सेल्फ मारू नका, धक्का मारून चालू करू नका. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेड परत खोला!

✅ मिस्त्रीला सांगा: क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवा. मग पान्याने क्रँक इंजिनच्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा, तेव्हा कॅमचा एक होतो. खुणा परत जुळल्या तरच सेल्फ मारा. मध्येच अडकलं तर जोर लावू नका.

🚜 ट्रॅक्टरला बहुतेक टायमिंग गिअर असतात, बेल्ट नसतो.