गोधडीचे पोट जुने चालेल, काठ मात्र धड हवा

घटस्थापनेपूर्वी घरातल्या गोधड्या-वाकळा धुवायला निघतात. यंदा त्या वाळत घातल्यावर एकदा नीट पाहा. मधले धावदोऱ्याचे टाके शाबूत असतात. पण काठ विरलेला असतो, कोपरे फाटलेले असतात आणि त्यातून आतले थर डोकावतात. गोधडी फाटते ती बहुधा कडेकडूनच.

याचे कारण साधे आहे. पांघरूण ओढताना हात काठालाच जातो. डोक्याचे तेल आणि घाम उशाकडच्या काठाला लागतो. धुताना दोघी दोन टोकांना धरून पिळतात, तेव्हा ओल्या गोधडीचे सारे ओझे काठावर येते. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर पोटात घालावे. ते मऊ आणि उबदार असते. पण तेच विरलेले कापड काठाला लावले, तर घरातली ही आठवण लवकर चिंध्या होऊन जाते.

काठाला कापड कोणते घ्यावे? घट्ट विणीचा मांजरपाट किंवा जाड खादी उत्तम. कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार भोके दिसली तर ते घेऊ नका. कोऱ्या कापडाला खळ असते. म्हणून ते रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापा. नाहीतर लावल्यावर ते आटते आणि गोधडीला चुण्या पडतात. गडद रंगाचे असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळून रंग जातो का ते पाहा.

सिंथेटिक कापड चिवट असते हे खरे. पण सुती गोधडी धुतल्यावर आटते आणि ते आटत नाही, म्हणून काठ फुगतो. शिवाय चुलीची ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते. आता घरात सिंथेटिक साड्याच जास्त निघतात. गोधडी त्यांची केली तरी काठ आटवलेल्या सुती कापडाचाच लावा. जरीचा काठ टाळा, तो टोचतो.

आता माप पाहू. पाच फूट रुंद व सात फूट लांब गोधडीचा घेर चोवीस फूट, म्हणजे आठ वार होतो. सुती नऊवारी लुगड्याचा काठ धड असेल, तर तो सांधा न घालता सगळीकडे पुरतो. पायाकडचा काठ घासलेला असतो, म्हणून वरचा काठ घ्या. नवे कापड छत्तीस इंच पन्ह्याचे असेल, तर चार इंची पट्ट्यांसाठी सव्वा मीटर पुरे. सांधे तिरपे घाला, म्हणजे एका जागी जाडी येत नाही.

पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करा. तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून अर्ध्या इंचावर उलटी टीप घाला. मग पट्टी मागे वळवून बारीक हेम घाला. कोपऱ्यावर पट्टी ताणू नका. घडी घालून काटकोन करा. कोपरे गोल असतील तर मात्र तिरप्या कापाची उरेब पट्टी लावा. तिला कापड जास्त लागते, पण ती वळणावर नीट बसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काठाची टीप गोधडीच्या धावदोऱ्यात मिसळू नका. ती वेगळी असली, की झिजलेला काठ तेवढा उसवून नवा लावता येतो. उशाच्या बाजूला वीतभर रुंदीची सुती पट्टी वरून कच्च्या दोऱ्याने टाचा. मळली की ती काढून धुवा, म्हणजे अख्खी गोधडी वारंवार पिळावी लागणार नाही.

काठ विरू लागला, की थर बाहेर येण्याची वाट पाहू नका. कामे थोडी थांबली, की दुपारी बसून नवा काठ चढवा. सव्वा मीटर कापडात जुनी गोधडी पुन्हा नातवंडांच्या अंगावर येईल.